खंडेनवमीचं तेलपाणी

आनंद झाला की मला हसू आवरत नाही, आणि संकट आलं की त्याहून आवरत नाही. शाळेत या खोडीपायी मी कितीदा वर्गाबाहेर उभी राहिले आहे. त्या वर्षी आनंद आणि संकट दोन्ही हातात हात घालून आले. जगातल्या बहुतेक प्रोसेसरांत एक मोठी खोट निघाली होती, आणि मी प्रेमात पडले होते. सबंध वर्ष मी हसतच होते म्हणा ना.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, गिअर कापणाऱ्या एका वर्कशॉपच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली लोखंडाचा खडखडाट, वर एसीचा गारठा. आसपासच्या कारखान्यांची हजेरी, पगार, स्टॉक, बिलं, सगळं आमच्या सर्व्हरवर चालायचं. सर्व्हर होते चारच, पण एकेका सर्व्हरच्या पोटात पुष्कळ आभासी मशिनं होती. सातपूर कॉलनीत एकाच मजल्यावर पार्टिशनं टाकून पाच भाडेकरू ठेवतात, तसलाच प्रकार. फरक इतकाच की आमच्या प्रत्येक भाडेकरूला वाटायचं, अख्खं घर आपलंच आहे. हा भ्रम सांभाळणारं जे सॉफ्टवेअर असतं त्याला हायपरवायझर म्हणतात. तो सांभाळायचं काम माझं, आणि माझ्या बरोबरीनं त्याचं.

तो म्हणजे सटाण्याकडचा एक उंच, वाळका, कमी बोलणारा मुलगा. घरी डाळिंबाची बाग, बोलणं अहिराणी. ऑफिसात आमच्याशी प्रमाण मराठी बोलायचा, पण सर्व्हरनं दगा दिला की त्याच्या तोंडून "हाई काय शे?" निघायचंच. त्या तीन शब्दांवर मी भाळले. लोक कशाकशावर भाळतात, त्या मानानं हे बरंच म्हणायचं.

आता त्या खोटीबद्दल. वर्षाच्या सुरुवातीला पहिली बातमी आली तेव्हा आमचे साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मला कळेल असं सांग." साहेब मूळचे टर्नर. मशीन म्हणजे तेल, धार आणि आवाज, एवढंच त्यांना पटतं. मी म्हटलं, "साहेब, प्रोसेसरला वाट बघत बसायला आवडत नाही. तुम्ही काय मागणार याचा तो आधीच अंदाज घेतो आणि काम करून ठेवतो. समजा, कचेरीतला एक उत्साही कारकून आहे. समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत तो कपाटातून फाईल काढून ठेवतो. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचला. चुकला तर फाईल परत कपाटात."

"मग चांगलंच आहे की. असा कारकून मला द्या."

"पण तो कधीकधी दुसऱ्याचीच फाईल काढतो, जी या माणसाला बघायची परवानगी नाही. चूक लक्षात आली की परत ठेवतो, दाखवत नाही. पण कपाटावरची धूळ हललेली असते ना! आणि एकदा काढलेली फाईल पुन्हा मागितली तर चटकन मिळते, न काढलेलीला वेळ लागतो. शेजारी बसलेला लबाड माणूस नुसता वेळ मोजून ओळखतो, कुणाची फाईल निघाली होती."

साहेबांनी माझ्या टेबलावरून बोट फिरवून धूळ बघितली. मग त्यांनी विचारलं, "मग आपण धूळ पुसायची की सगळीकडे सारखी टाकायची?"

मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. पण खरं सांगते, पुढं दुरुस्तीचे जे पॅच आले त्यांतले निम्मे धूळ पुसणारेच होते. कामाच्या मध्येच सगळं झाडून घ्यायचं, म्हणजे पुढच्याला काही वास लागायला नको. त्यामुळे मशिनं थोडी संथ झाली, आणि गिऱ्हाइकांनी आम्हाला दोष दिला. मग पावसाळ्यात आणखी एक खोट निघाली, आणि ती नेमकी आमच्यासारख्यांच्या मुळावर आलेली: एका भाडेकरूला भिंतीपलीकडच्या भाडेकरूचं हुंगता येईल अशी. एरवी माणूस घाबरला असता. मला मात्र भारी उत्साह आला. असं बारीक, असं खोडकर काम आयुष्यात पहिल्यांदाच समोर आलं होतं, आणि ते करताना शेजारच्या खुर्चीवर तो बसलेला असायचा.

आमचं दोघांचं कुणालाही माहीत नव्हतं. म्हणजे तशी आमची समजूत होती. ऑफिस सुटलं की तो मागच्या जिन्यानं जायचा, मी पुढच्या. फोनमध्ये त्याचा नंबर मी 'एसी मेकॅनिक' म्हणून ठेवला होता. आईनं एकदा विचारलं, "तुमचा एसी रोजच बिघडतो का गं?" मी म्हटलं, "जुना आहे." रविवारी मी मैत्रिणीकडे जाते असं सांगून ऑफिसात यायचे, तोही यायचा, आणि बंद वर्कशॉपच्या वरती आम्ही गॅलरीत बसून गप्पा मारायचो. दुसऱ्यांचं गुपित सांभाळणं हाच आमचा धंदा, तेव्हा आपलं गुपित आपण व्यवस्थित सांभाळलंय अशी मला घमेंड होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

भीती होती ती एकाच माणसाची, नानांची. माझे वडील. आमचा मखमलाबादकडे मळा आहे. भाजीपाला आणि झेंडू. नाना तापट आहेत, पण तापट माणसाची मला भीती वाटत नाही, कारण मीही त्यांचीच लेक. त्याची जात वेगळी, आमची वेगळी. त्यावरून नाना ओरडले असते, भांडले असते, दोन दिवस जेवले नसते. ते चाललं असतं. भांडणारा बाप परवडतो. न बोलणारा परवडत नाही.

आणि नाना न बोलणं जाणतात. माझ्या धाकट्या काकांनी वाटणीचं रान विकायचं ठरवलं, आणि ते नानांना कळलं खताच्या दुकानात. रान विकल्याचा राग नव्हता. "सख्ख्या भावाचं मला दुकानदाराकडून कळावं?" एवढं एकच वाक्य ते बोलले, आणि त्यानंतर आजतागायत भावाशी बोलले नाहीत. विहीर एक, बांध एक, पण मोटार कुणी कधी चालू करायची तेसुद्धा आई आणि काकू आपसात ठरवतात. तेव्हा नियम स्पष्ट होता. नानांना माझ्याबद्दल जे कळायचं ते माझ्याच तोंडून कळायला हवं. दुसरीकडून कळलं, तर मला बाप राहील, पण त्याचा आवाज राहणार नाही. हा विचार आला की मी आणखीच हसायचे.

मग सांगितलं का नाही? कारण मी भित्री. आधी म्हटलं, पाऊस उघडला की सांगू. मग म्हटलं, गणपती होऊ देत. मग झेंडूचा हंगाम आला, नानांना दम खायला वेळ नव्हता, तेव्हा दिवाळीनंतरचं ठरलं. तो म्हणायचा, "मी येतो ना बरोबर." मी म्हणायचे, "तू आलास तर त्यांना आधी तू दिसशील, मग मी सांगेन. उलटं झालं पाहिजे."

इकडे पॅचचं काम चालू होतं. एका सर्व्हरवरची सगळी आभासी मशिनं चालू असतानाच दुसऱ्यावर हलवायची, हे बघण्यासारखं असतं. धावत्या बसमधून शेजारच्या धावत्या बसमध्ये माणसं बसवायची आणि कुणाला हिसकासुद्धा बसू द्यायचा नाही. रिकाम्या झालेल्या सर्व्हरला पॅच लावायचा, तो बंद करून चालू करायचा, माणसं परत आणायची. असं आम्ही चारी सर्व्हरचं केलं. भाडेकरूंना त्यांच्या त्यांच्या जागी रीस्टार्ट केलं. मग त्यानं लिहिलेला तपासणीचा प्रोग्राम चालवला, तर पडद्यावर सगळं लालभडक. एकही मशीन सुरक्षित नाही!

"हाई काय शे?" तो म्हणाला.

डोकं खाजवून खाजवून शेवटी उलगडलं. आभासी मशीन फक्त जन्माला येताना विचारतं, या घरात सोयी काय काय आहेत. एकदा विचारलं की झालं. नंतर रीस्टार्ट म्हणजे त्याची नुसती डुलकी. उठलं की पुन्हा विचारत नाही. पॅचनं प्रोसेसरला नवी कुलपं दिली होती, पण भाडेकरूंना त्यांचा पत्ताच नव्हता. त्यांना पूर्ण बंद करून नव्यानं चालू करायला हवं होतं. आम्ही रीस्टार्ट, रीस्टार्ट करत बसलो आणि मशिनं डुलक्या काढत बसली.

पण पूर्ण बंद म्हटलं की कारखानदारांच्या अंगावर काटा. मी फोन केले. एक म्हणाले, "ताई, शिफ्ट चालू हाय, बंद-बिंद काय नाय." दुसरे अभिमानानं म्हणाले, "आमचा सर्व्हर घेतल्यापासून एकदाही बंद झालेला नाही," जसं काही आमचे आजोबा कधी डॉक्टरकडे गेले नाहीत. दोन महिने मी असे नकार गोळा केले.

एक दिवस मी खाली उतरत असताना वर्कशॉपमधले फोरमन लेथ पुसत होते. म्हणाले, "ताई, खंडेनवमीला या प्रसादाला. त्या दिवशी सगळी मशिनं बंद." मी जिन्यातच थांबले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सातपूरमध्ये कुठलंही चाक फिरत नाही. मशिनं धुतात, तेलपाणी करतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात, आणि मग त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी परत चढले आणि सगळ्यांना पुन्हा फोन लावले. या वेळी म्हटलं, "खंडेनवमी आहे. तुमच्या सर्व्हरचं तेलपाणी करून पूजा करायची म्हणते. थोडा वेळ बंद ठेवू ना?"

"अहो, विचारताय काय! अवश्य करा!"

एकानंही नाही म्हटलं नाही. सदैव चालू राहण्याचा अभिमान सांगणाऱ्यांनी तर वरून विचारलं, नारळ पाठवू का.

फक्त साहेबांची एक अट होती. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. दुपारच्या जेवणाआधी पूजा, म्हणजे सगळं त्याच्या आत आटपायला हवं. आणि माझी एक अट होती. कुंकू सर्व्हरच्या जवळ न्यायचं नाही. आदल्या वर्षी साहेबांनी भक्तिभावानं समोरच्या जाळीवर मूठभर उधळलं होतं, पंख्यांनी ते आनंदानं ओढून घेतलं, आणि नंतर झाकण उघडलं तर आत रंगपंचमी झालेली.

खंडेनवमीला सकाळी आम्ही कामाला लागलो. खाली कामगार नवे शर्ट घालून आलेले, कुणी पोरंबाळं घेऊन आलेले, सगळीकडे धूप आणि तेलाचा वास. वरती आम्ही पायातलं दाराबाहेर काढून, एकेक मशीन बंद करत होतो, मोजकं थांबून पुन्हा चालू करत होतो, आणि पडद्यावर एकेक लाल ओळ हिरवी होत होती. दर हिरव्या ओळीला मी टाळी वाजवायची आणि त्यानं नुसती मान हलवायची. साहेब दर थोड्या वेळानं हातात नारळ घेऊन दारात येत. "झालं का?" "अजून थोडं." "मी उभाच आहे." असं तीन सर्व्हरचं झालं. चौथ्यावरचे भाडेकरूही आम्ही बंद केले. त्याच्याकडे एक राहून गेलेला पॅच होता, तो लावला आणि सर्व्हरच बंद करून चालू केला. मोठा सर्व्हर उठायला फार वेळ घेतो. आधी आपली सगळी मेमरी मोजून बघतो, कुणी काही नेलं तर नाही ना.

तेवढ्यात जिन्यात ओळखीचं खोकणं ऐकू आलं. नाना!

दर खंडेनवमीला नाना टेम्पोतून सातपूरच्या कारखान्यांना हार पोचवतात, हे मला जन्मापासून माहीत होतं. पण वर आमच्या ऑफिसात ते कधी आले नव्हते; खालच्या फोरमनकडे देऊन पुढं जायचे. त्या दिवशी ते डोक्यावर पाटी घेऊन स्वतः आले. पाटीत चार हार, एकेक मनगटाएवढा जाड.

"माझ्या लेकीची मशिनं कंची?" त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. नानांनी कुणालाही काही न विचारता एकेका सर्व्हरच्या समोरच्या जाळीवर हार चढवला, दुपदरी करून, झेंडूचा नुसता गालिचा. साहेबांना गहिवरून आलं. आणि पाच मिनिटांत चारी सर्व्हर किंचाळायला लागले. समोरून हवाच मिळेना, मशिनं तापली, पंखे पूर्ण जोरात सुटले. खोलीत हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज.

"हार काढा!" मी ओरडले.

"देवाला घातलेला हार काढायचा?" साहेब नारळ छातीशी धरून म्हणाले.

नानांनी कानावर हात ठेवला, जाळीला तळहात लावून बघितला, आणि म्हणाले, "लय गरम झालीत. ह्यांना श्वास घेऊ द्या की वो. माळीच हाय मी, माझ्या हातानं काढतो, पाप लागलं तर मला लागंल." त्यांनी हार उतरवून दाराच्या चौकटीला बांधले. पंखे शांत झाले. नाना हसले, मी हसले, तो हसला, साहेबही नाइलाजानं हसले. नानांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, त्यानं वाकून नमस्कार केला. मला वाटलं, किती छान चाललंय सगळं! चौथा सर्व्हर अजून मेमरी मोजत होता. आता हा उठला की संपलं.

"नाना, चहा घेऊन जा," साहेब म्हणाले आणि टपरीवाल्या मावशींना हाक मारायला गॅलरीकडे निघाले. त्यांचा पाय उंबऱ्यात पडायच्या आत मावशीच जिना चढून वर आल्या. एका हातात किटली, दुसऱ्या हाताच्या बोटांत दोन भरलेले ग्लास. एक माझ्या हातात दिला, एक त्याच्या. कुणाचा कुठला ते विचारलं नाही, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्हीही न बघताच हात पुढं केला.

"अरे वा," साहेब म्हणाले. "मी सांगितलं की ही बाई अर्धा तास लावते. आज न सांगताच?"

"दारात ह्यांच्या गाड्या दिसल्या की आधण ठिवते मी," मावशी म्हणाल्या आणि किटली घेऊन नानांकडे वळल्या. "बाबा, तुमाला साखरेचा देऊ ना? ह्या दोघांचा बिनसाखरेचा, आल्याचा असतो."

माझ्या हातातला ग्लास मला एकदम जड लागायला लागला. लहानपणी मी साखरेचे डबे चोरून रिकामे करायचे. नाना बाजारातून आले की माझ्यासाठी खिशात गूळ असायचा. त्यांच्या दृष्टीनं त्यांची लेक म्हणजे चहाच्या कपात तळाशी साखर उरली पाहिजे असं म्हणणारी मुलगी.

"दोघांचा," नाना म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"व्हय. रविवारी बी ह्योच." मावशींनी नानांचा ग्लास भरला आणि खाली गेल्या. त्या माउलीला काय माहीत!

मी मागचे दरवाजे बंद केले होते, फोनमध्ये नाव बदललं होतं, जिने वेगळे केले होते. आणि माझा बाप, चहा किती वेळात आला आणि त्यात काय नव्हतं, एवढ्यावरून सगळं ओळखून बसला. फुलबाजारात उभं राहून गिऱ्हाईक काय बोलत नाही त्यावरून भाव ठरवणारा माणूस तो. वर्षभर मी ज्याच्यापासून लोकांना वाचवत होते तेच माझ्यावर उलटलं होतं. मला इतकं हसू आलं की घशातून कसलातरी विचित्र आवाज निघाला.

नाना हसले नाहीत. सावकाश चहा संपवला, ग्लास खिडकीत ठेवला, रिकामी पाटी उचलली. साहेबांना म्हणाले, "येतो." त्याच्याकडे बघितलं नाही, आणि माझ्याकडेही नाही. मला "येतो गं" म्हणाल्याशिवाय नाना कधी घराबाहेर पडलेले नाहीत. जिन्यावर त्यांची पावलं उतरत गेली.

माझं हसू तिथंच गळून पडलं. खताचं दुकान माझ्या डोळ्यांपुढं आलं. झालं, मला वाटलं, आता मोटार कधी चालू करायची ते आई येऊन सांगणार.

चौथा सर्व्हर तेवढ्यात उठला. पडद्यावर अक्षरं धावायला लागली. भाडेकरू चालू करायचे होते, तपासायचे होते, दारात साहेब नारळ घेऊन उभे होते. मी खुर्चीकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. त्यानं माझ्या हातातला ग्लास काढून घेतला.

"जाय," तो म्हणाला. "हाई मी देखस."

मी पळाले. चपला कुठं होत्या ते आठवलंच नाही. पूजेला बसलेल्या कामगारांच्या मधून, एका लेथपुढच्या रांगोळीवर पाय देऊन, कुणाचं तरी पोरगं बाजूला सारून मी फाटकाबाहेर आले. टेम्पो लिंबाखाली उभा होता. नाना आत बसले होते, चावी लावलेली, टेम्पो चालू केलेला नव्हता. मी खिडकी घट्ट धरली.

"नाना, मला तुम्हाला एक सांगायचंय."

ते समोर रस्त्याकडे बघत होते. "सांग."

मी सांगितलं. एका दमात, रडत, मध्येच हसत. तो कोण, कुठला, डाळिंबाची बाग, जात कुठली, स्वभाव कसा, एसी मेकॅनिक कोण, रविवारी मी कुठल्या मैत्रिणीकडे जात नव्हते, साखर त्याच्या नादानं कशी सुटली, दिवाळीनंतर नक्की सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते, आणि मी त्याच्याशीच लग्न करणार आहे. पायाखाली डांबर तापलं होतं, म्हणून मी सांगताना एकेका पायावर उड्या मारत होते. इतक्या गंभीर प्रसंगी मी माकडासारखी दिसत असणार.

नानांनी पूर्ण ऐकून घेतलं. "झालं?"

"झालं."

"आनखी काय राह्यलं?"

"काही नाही."

"मंग ठीक. आता मला कळलं."

"नाना, तुम्हाला तर वरतीच, चहा आला तेव्हाच..."

"कंचा चा?" नाना माझ्याकडे वळून म्हणाले. मिशीच्या टोकाला चहाचा थेंब तसाच होता. "मी कवा चा घेतला? हार दिले आन् खाली आलो."

वरच्या गॅलरीत तो वाकून उभा होता, दोन्ही हात वर करून ओरडत होता, "हिरवं! समदं हिरवं!" मागं साहेबांनी नारळ फोडल्याचा आवाज आला. नानांनी मान बाहेर काढून वर बघितलं.

"ह्यो का? लय वाळका हाय." मग म्हणाले, "जातीचं मी सोडणार नाय, सांगून ठिवतो. घरी ये संध्याकाळी, भांडू."

"येते," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी टेम्पोचं दार बडवलं.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि आईला लावला. नाना फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात, पलीकडचा आवाजही बाहेर येतो. "ऐकतीस का," ते म्हणाले, "पोरगी लगीन करायचं म्हनती. सटाण्याकडचा हाय." मग आईनं घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "अहो, तुम्हाला कुठून कळलं?"

"कळलं नाय गं," नाना म्हणाले. "तिनं सांगितलं."